ओट्यावरून पडल्यामुळे नव्हे

आमच्या घराच्या ओट्याला लोखंडी ग्रील आहे. वणीत आमच्या गल्लीत बाकीच्यांनी अशा ग्रिली चोरांसाठी बसवल्या, आमची नातीसाठी बसवली. तिनं ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली जाऊ नये म्हणून मुलानं ती करून घेतली आणि कुलूप आतून लागेल अशी कडी ठेवली. किल्ली सुनेकडे असते. सकाळचा चहा झाला की मी ग्रीलच्या आत खुर्ची टाकून बसतो. मोठ्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात असतात. त्यांची धूळ गल्लीत येते आणि दुपारपर्यंत ग्रीलच्या आडव्या पट्ट्यांवर काळी होऊन बसते. ती मी फडक्यानं पुसतो. संध्याकाळी ती परत बसलेली असते.

ही ग्रील कशासाठी, ते आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. नात साडेतीन वर्षांची असताना ओट्यावरून पोटावर पडली, पडल्यामुळे तिच्या पोटातली गाठ फुटली, आणि आई समोर असून तिचं लक्ष नव्हतं, असं सगळे सांगतात. यात ती पडली आणि गाठ फुटली एवढंच खरं आहे. बाकीचं माझ्या घरातून बाहेर गेलं, आणि ते मी जाऊ दिलं.

हे सांगायचं तर आधी माझ्या हाताबद्दल सांगावं लागेल.

माझे वडील लहान मुलांची पोटं बसवायचे. मुलाला हगवण लागली, खाल्लेलं अंगी लागेना, पोट दुखून ते रात्रंदिवस किरकिर करायला लागलं, की आमच्याकडे म्हणतात बेंबी सरकली, नाहीतर पोटात गोळा आला. मग सकाळी काही खाऊ न घालता त्याला आणायचं. उताणं निजवायचं. दोन्ही पायांचे अंगठे जुळवून पाहायचे, त्यात एक वर एक खाली दिसला की खूण पटली. बोटांना गोडं तेल लावून बेंबीजवळचा ठोका शोधायचा आणि तो बाजूला लागला तर अंगठ्यानं चोळत चोळत मधोमध आणायचा. पैसे घ्यायचे नाहीत. घेतले तर हाताचा गुण जातो, असं वडील म्हणत. त्यांच्यानंतर हे काम माझ्याकडे आलं.

मी तहसील कचेरीत कारकून होतो. साहेबांनी हाक मारली तरी दचकणारा, फायलींच्या गठ्ठ्यामागे बसणारा माणूस. पण त्याच साहेबांची बायको एके सकाळी मूल कडेवर घेऊन माझ्या ओट्यावर आली होती. “बाबूजी, जरा पाहता काय? हे कालपासून जेवलं नाही,” असं म्हणताना तिचा आवाज इतका खाली होता की मला दोनदा विचारावं लागलं. त्या दिवशी कचेरीत साहेब माझ्याशी वेगळे बोलले. असे दिवस माझ्या नोकरीत फार नव्हते, पण जे होते ते सगळे या अंगठ्यामुळे होते. मुलं बरी व्हायची. पोटाच्या साध्या दुखण्याची मुलं कुणी हात नाही लावला तरी बहुतेक बरी होतात, हे मला फार उशिरा कळलं.

माझी सून पुसदची. इथल्या एका खासगी शाळेत शिकवायची. ती मला मामाजी म्हणते, आमच्या भागात सासऱ्याला तसंच म्हणतात. नात झाल्यावरही तिनं नोकरी सोडली नाही. दिवसभर नात आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे असायची. मला ती आबाजी म्हणायची, आणि माझ्या पोटावर बसून ते डफासारखं वाजवायची.

त्या वर्षी तिचंही पोट सुटायला लागलं. आम्ही हसायचो. “आबाजीवर गेली पोट्टी,” असं माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. जेवण मात्र कमी झालं होतं. चार घास खाल्ले की “झालं” म्हणायची. वाढदिवसाचा फ्रॉक कमरेत बसेना, तेव्हाही आम्ही हसलोच.

एका रविवारी सून तिला अंघोळ घालत होती. मोरीतूनच तिनं हाक मारली.

“मामाजी, इकडे या जरा. हे पाहा, डाव्या अंगाला काही घट्ट लागून राह्यलं.”

मी ओल्या अंगावरूनच बोटं फिरवली. खरंच काहीतरी होतं. गुळगुळीत आणि टणक.

“गोळा आहे,” मी म्हणालो. “सकाळी अनशापोटी बसवून देतो.”

“नाही मामाजी. हे गोळ्यासारखं नाही वाटत मले. हिले दुखत बी नाही. तुम्ही हात नका लावू. उद्या शाळेत तपासलेले पेपर देऊन दुपारपर्यंत येते, मग दवाखान्यात दाखवू.”

ती हे चिडून बोलली नाही. टॉवेलनं पोरीचे केस पुसता पुसता बोलली. पण माझी बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. रात्रीच्या भाकरी थापताना ती म्हणाली, “गावची लेकरं यांच्या हातानं बरी होते, अन् घरचीले हात नका लावू म्हणते. शिकेल आहे ना बाई!”

मला ते लागलं. दवाखान्यात कुणी म्हणालं असतं की मुलगी अगदी बरी आहे, कशाला आणली, तर मला बरं वाटलं असतं. त्याहून बरं म्हणजे दवाखान्यात जायची वेळच येऊ नये.

सकाळी मुलगा कामावर गेला, सून शाळेत गेली. नातीला अजून दूध दिलं नव्हतं. मी चटई अंथरली. बायकोनं तिचे पाय धरले. अंगठे जुळवून पाहिले तर ते सारखेच होते. तिथंच थांबायला हवं होतं. वडिलांनी शिकवलेल्या हिशेबानंसुद्धा त्या पोटाला हात लावायचं काही कारण नव्हतं. तरी मी तेल घेतलं.

“आबाजी, गुदगुल्या नका करू,” नात हसत म्हणाली.

एरवी गोळा बोटाखाली सरकतो, गुरगुरतो, जागा देतो. हा हलेना. कच्च्या कवठासारखा जिथल्या तिथं होता. मी अंगठ्याचा जोर वाढवला. ती म्हणाली, “आबाजी, दुखते.” मी म्हणालो, “झालं माय, आता झालं.” ती रडायला लागली तेव्हा बायकोनं पाय आणखी घट्ट धरले. मग एकदम अंगठ्याखाली काहीतरी ढिलं पडल्यासारखं झालं. मला आनंद झाला. मी बायकोकडे पाहिलं आणि म्हणालो, “बसला.”

नात रडत रडतच झोपली.

दुपारी सून आली. गल्लीच्या तोंडाशी तिची गाडी दिसल्याबरोबर नात ओट्यावरून धावली आणि शेवटच्या पायरीवर तिचा पाय अडखळला. पडली ती गुडघ्यावर आणि हातांवर. मी खुर्चीतच होतो, मला स्वच्छ दिसलं. पोट जमिनीला लागलंसुद्धा नाही. सुनेनं गाडी तशीच आडवी टाकून तिला उचललं, गुडघा पुसला, फुंकर घातली. रोज कुणाचं ना कुणाचं मूल असं पडतंच.

चार वाजेस्तोवर पोरगी पांढरी पडली. अंग तापलं, पोट कडक झालं, कुणाला हात लावू देईना. वणीतल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, थांबू नका, सरळ नागपूरला न्या. आम्ही भाड्याची गाडी केली. वरोरा गेलं, जाम गेलं. पोरगी आईच्या मांडीवर होती. मी पुढच्या सीटवर हात मांडीखाली दाबून बसलो होतो. बोटांना अजून तेलाचा वास होता.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टर भेटल्या. मधल्या वयाच्या बाई. त्यांनी आम्हा चौघांना समोर बसवलं आणि स्वतःची मूठ वळून दाखवली.

“हे मूत्रपिंड समजा. आईच्या पोटात असताना बाळाची मूत्रपिंडं घडत असतात. त्यातल्या काही पेशी घडायच्या राहून जातात, कच्च्याच राहतात, आणि जन्मानंतर वाढत सुटतात. त्यांची ही गाठ. मूत्रपिंडाचा लहान मुलांत होणारा कॅन्सर. बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. दुखत नाही, मूल खेळत असतं, म्हणून कळत नाही. पुष्कळदा आईलाच अंघोळ घालताना हाताला लागतो.”

“मलेच लागला,” सून म्हणाली. “माह्या खाण्यापिण्यातून काही...”

“नाही. तुम्ही काही केल्यानं झालेला नाही, आणि काही न केल्यानंही नाही. आणि ऐका, यातली बहुतेक मुलं बरी होतात. फक्त एक गोष्ट. या गाठीला वरून पातळ आवरण असतं. ते शाबूत असलं तर आमचं काम सोपं. हिचं फाटलंय. पोटात रक्त उतरलंय. पोटाला मार लागला होता का? कुणी पोट दाबलं, चोळलं?”

त्यांनी इतकं सरळ विचारलं होतं. पाणी प्यायला का, असं विचारावं तसं.

माझी बायको म्हणाली, “काल पडली ना बाई, ओट्यावरून. आईकडे धावत गेलती.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“हो,” मी म्हणालो. “पोटावर पडली.”

बायकोनं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. पोटावर हे मी घातलं. सुनेनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पडताना तिनं मुलीकडे पाहिलं होतं, पण गाडीही सावरत होती, त्यामुळे नक्की काय झालं ते तिला सांगता आलं नसतं. ज्याला नक्की माहीत होतं तो माणूस सांगत होता, आणि तो घरातला मोठा माणूस होता. तिनं मान खाली घातली. त्या मिनिटाला तिनं ते मानलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात नातीच्या खाटेच्या वर पुठ्ठ्याची पाटी लावलेली दिसली. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पोट दाबू नये.’ शिकाऊ डॉक्टर येत, पाटी वाचत आणि हात मागे घेत. नर्स तिला उचलताना एक हात पाठीखाली आणि एक मांड्यांखाली घालायची. आपल्या मुठीएवढ्या जागेला एवढे शिकलेले लोक हात लावायला भीत होते. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो आणि दोन्ही हात पाठीमागे धरायचो. ती सवय मला अजून आहे. लोकांना वाटतं म्हातारा ऐटीत चालतो.

आधी औषधं देऊन गाठ लहान केली, मग ऑपरेशन करून मूत्रपिंडासकट काढली, मग पुन्हा औषधं. सलाईनमधून औषध गेलं की जबडा दुखायचा, म्हणून ती तोंडात घास धरून बसायची. शौचाला होत नसे. केस उशीवर झडून पडायचे. पाय फरफटत टाकायला लागली. ते सुधारेल असं डॉक्टर म्हणाल्या आणि ते सुधारलंही. पण गाठ फुटलेली असल्यामुळे औषधं जास्त लागणार होती, आणि पोटावर शेक द्यावा लागणार होता. किरणांचा शेक. त्यानं पुढे त्या अंगाची वाढ थोडी कमी होऊ शकते, पाठीवर लक्ष ठेवावं लागेल, असं त्यांनी समजावलं.

सुनेनं विचारलं, “गाठ फुटली नसती तर हा शेक लागला असता काय?”

“बहुधा नसता लागला,” डॉक्टर म्हणाल्या. “पण तसं म्हणून मनाला लावून घेऊ नका. कधी कधी या गाठी आपोआपही फुटतात.”

मी दारात उभा होतो. त्या ‘कधी कधी’मध्ये मी पुढची सगळी वर्षं राहिलो. कदाचित ती आपोआपच फुटली असेल. मी चोळायच्या आधीच फुटली असेल. कोण सांगणार? हे खरंही आहे, आजही कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. पण तसं असतं तर मी डॉक्टरांना सगळं सांगून मोकळा झालो असतो. जे सांगायला भीती वाटते ते आपल्याला माहीत असतं.

बोलायच्या संधी पुष्कळ आल्या. दवाखान्याजवळ आम्ही एक खोली घेतली होती, तिथून रोज दुपारी मी डबा घेऊन जायचो. वॉर्डात एकालाच राहता येत असे, ती सून असायची, आणि ती खाली जिन्यात येऊन जेवायची. आम्ही दोघं एका पायरीवर बसायचो. “मामाजी, तुम्ही जेवले काय?” ती विचारायची. मी तोंड उघडायचो आणि “हो” म्हणायचो. प्रत्येक दिवशी मागच्या दिवसाचं न बोलणं वर चढलेलं असायचं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती चूक ठरली असती. महिन्यानं सांगितलं तर लबाडी ठरली असती. मग वर्ष झालं, आणि त्याला काय म्हणायचं हेही मला कळेना.

घरी बायको आणि मी त्याबद्दल कधी बोललो नाही. एकदाही नाही. तेलाची बाटली मात्र तिनं देवळीतून उचलून कुठे टाकली ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

गोष्ट मात्र बाहेर जात राहिली. भेटायला येणाऱ्यांना बायको सांगायची, मी शेजारी बसून ऐकायचो. दरवेळी त्यात थोडी भर पडे. सून फोनवर बोलत होती हे कुणी घातलं मला माहीत नाही. पुसदला सुनेच्याच माहेरच्या लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. सून वाढत होती. माझ्या मागच्या ओळीत दोन बाया बोलत होत्या.

“हेच काय वं थे? जिच्या पुढ्यात पोट्टी पडली?”

“हेच. फोनवर होती म्हणते.”

“अन् मास्तरीण म्हणे!”

सून जिलेबीचं ताट घेऊन तिथंच उभी होती. तिनं त्या दोघींनाही दोन दोन जिलेब्या वाढल्या आणि माझ्या ताटाशी आली. “मामाजी, अजून एक देऊ?” मी हो म्हणालो आणि ती खाल्ली.

तिनं नोकरी सोडली ती त्याच वर्षी. मुलगा तिला उघडपणे काही बोलत नसे, पण नातीला ठेच लागली तरी तो आधी बायकोकडे बघायचा. मग ग्रील आली. तपासणीला नागपूरला नेलं की डॉक्टर म्हणायच्या, मुलगी चांगली आहे, एका मूत्रपिंडावर माणूस आयुष्यभर राहतो, पोटावर जोराचा मार बसेल असे खेळ तेवढे टाळा, बाकी पळू द्या, सायकल चालवू द्या. सून मान हलवायची. घरी आली की ग्रीलला कुलूप. शाळेत सोडायला आणि आणायला स्वतः जायची, मधल्या सुट्टीत मैदानात जाऊ देऊ नका म्हणून बाईंना सांगून ठेवलेलं. नात ग्रीलला तोंड लावून गल्लीतल्या पोरांचा खेळ पाहायची आणि तिथूनच आउट कोण झालं ते ओरडून सांगायची. पंच म्हणून तिला मान होता.

एकदा म्हणाली, “आबाजी, तुम्हाले तर किल्ली मागता येते. तुम्ही काहून नाही जात बाहेर?”

मी म्हणालो, “पाय दुखते माय.”

लोक मात्र येतच होते. त्यांना काय ठाऊक! हात कापतो, आता जमत नाही, असं मी सांगायचो. लोक हळहळायचे, आणि ती हळहळसुद्धा मी घ्यायचो. काही आग्रह करायचे, मग मी आत जाऊन झोपल्याचं सोंग करायचो.

गेल्या उन्हाळ्यात झरी जामणीकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी, तिची सून आणि दोनेक वर्षांचं मूल असे आले. म्हातारीच्या मुलाचं पोट मी फार पूर्वी बसवलं होतं, असं ती म्हणाली. मला आठवत नव्हतं. मूल मलूल होतं, डोळे पिवळसर. सदरा वर करून तिनं दाखवलं तर पोटाची डावी बाजू भरलेली होती. मी ते खुर्चीतूनच पाहिलं आणि माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

सुनेनं कुलूप काढून त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. माझी बायको दारात येऊन उभी राहिली.

“हात कापते माहा,” मी म्हणालो. “दवाखान्यात दाखवा.”

“अवो बाबूजी,” म्हातारी म्हणाली, “पहाटच्या गाडीनं निंगालो, लेकरू उपाशी आणलं तुमच्यासाठी. माह्या पोराले बसवलं तवा हात नाही कापला. आता कायले भाव खाता?”

तेव्हा माझी सून म्हणाली, “मामाजी, लांबून आले बिचारे. जोर नका लावू. नुसतं पाहून द्या ना हळूच.”

सगळ्या जगात हे म्हणायचं कारण जिला सर्वांत कमी होतं, तीच म्हणत होती. ज्या सुनेनं मला एकदा हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, तिलाच वाटत होतं की माझा हात खात्रीचा. तिनं स्वतःवरचा विश्वास काढून माझ्यावर ठेवला होता, आणि तो तसा ठेवायला मीच लावलं होतं. म्हातारी मुलाला माझ्यासमोर चटईवर निजवायला लागली होती.

“हात लावू नका त्याच्या पोटाले,” मी ओरडलो. “कोणीच लावू नका. मी माह्या नातीचं पोट चोळलं होतं. पडून काही झालं नाही तिले. गुडघ्यावर पडलती थे. सकाळी मी चोळलं, अन् दुपारी थे पडली.”

शेवटचं मी सुनेकडे पाहून बोललो. बायको दारातून आत निघून गेली.

सून वाकली, मुलाच्या पाठीखाली एक हात आणि मांड्यांखाली एक हात घातला, आणि त्याला तसंच उचलून त्याच्या आईकडे दिलं. “असंच धरा. पोटावर दाब नको. चला, मी येते संग.” ऑटो तिनंच बोलावला. म्हातारी मला काहीतरी बोलत गेली, ते चांगलं नव्हतं.

त्या मुलाला गाठ नव्हती. सिकलसेल निघाला, रक्ताचा आजार, आमच्या भागात तो पुष्कळ घरांत आहे, आणि त्यानं पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती. तीही चोळायची गोष्ट नव्हे, डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं. हे मला सुनेनं सांगितलं, ऊन कलल्यावर परत आली तेव्हा. ती ओट्यावर माझ्यासमोर खाली बसली. पदरानं मान पुसली.

“मी नाही म्हटलं होतं तुम्हाले.”

“हो.”

“रविवारी. मोरीत.”

“हो.”

“अन् डॉक्टरीणबाईनं विचारलं, तवा?”

ती ग्रीलकडे बघायला लागली.

“मी तिले हॉर्ननं हाक मारली नसती, तर थे पळालीच नसती, असं वाटत जाये मले,” ती म्हणाली. “मी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवलता. तेव्हापासून मी हॉर्न नाही वाजवला, मामाजी. कुठीच नाही.”

मुलगा आल्यावर त्याला मीच सांगावं, ती सांगणार नाही, असं ती म्हणाली. मी सांगितलं. त्यानं आपल्या बायकोकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन गाडीवर बसला, गाडी सुरू न करता. बऱ्याच वेळानं सून बाहेर गेली. ती दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. तो माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतो.

माझी बायको रात्री म्हणाली, “इतके वर्स गप्प राह्यले होते, अजून राह्यले असते. कायले बोलले?” मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “पाय तर मीच धरलते.” आम्ही त्यावर पहिल्यांदा बोललो ते एवढंच.

मी सुनेची माफी मागायला गेलो तेव्हा ती डाळ निवडत होती. तिनं हातानं थांबवलं.

“घरातल्या घरात सांगून काय होते, मामाजी? माह्याबद्दल गावभर सांगतलं होतं. पुसदपर्यंत. माह्या मायनं सुद्धा मले विचारलं, तू फोनवर होती काय म्हणून. आता तुमचं तुम्ही पाहा.”

म्हणून हे लिहिलं. पंगतीतल्या त्या बायांपर्यंत पोचेल की नाही माहीत नाही. मी काही घरं फिरलो, तिच्या आईवडिलांकडे पुसदला जाऊन आलो. तिच्या आईनं चहा दिला आणि कप उचलून नेताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “पोरगी माही वाळून गेली हो.” सगळीकडे जाणं या वयात जमणार नाही. लिहिलेलं आधी सुनेला वाचायला दिलं. तिनं सगळं वाचलं आणि एकच सांगितलं. फ्रॉकचं लिहिलं ते बरोबर नाही, सगळे हसले नाहीत, ती हसली नव्हती. ते इथं लिहितो. ती हसली नव्हती.

काल संध्याकाळी मी ग्रील पुसत होतो. कुलूप नुसतं कडीला लटकलेलं होतं, लावलेलं नव्हतं. नात आतून धावत आली, माझ्या बाजूनं ग्रील ढकलली आणि पायऱ्या उतरून गल्लीत गेली. सून तिच्या मागे दारापर्यंत आली आणि उंबऱ्यातच थांबली. मी किल्ली शोधत असल्यासारखा उगाच उभा राहिलो. पोरांनी नातीला फिल्डिंगला उभं केलं. दुसऱ्याच चेंडूमागे ती पळाली, वाळूवरून घसरली आणि पडली. गल्लीतली पोरं जागच्या जागी थांबली, कारण तिचं पडणं काय असतं ते त्यांनाही सांगितलेलं होतं. तिनं वळून आईकडे पाहिलं.

सुनेचा हात दाराच्या चौकटीवर होता. तो तिथून निघाला नाही.

“ऊठ,” ती म्हणाली. “काही नाही झालं.”